सरकारदरबारी एक अर्ज

तालुक्याच्या कचेरीत अर्ज देऊन ज्याने उत्तराची वाट पाहिली आहे, त्याला आजचा विषय समजायला जड जाऊ नये. अर्ज आत जातो. कधी कारकून सांगतो, 'साहेब दौऱ्यावर आहेत.' कधी म्हणतो, 'हे आमच्या टेबलाचं काम नव्हे, पलीकडे विचारा.' पलीकडचे टेबल पुन्हा अलीकडे पाठवते. वर्षे जातात. अर्जदार चिकट असला तर एखाद्या दिवशी काम होते. आणि झाल्यावर कळते की ते अर्धेच झाले आहे.

असाच एक अर्ज आपल्या देशातल्या काही नागरिकांनी दिल्लीच्या सरकारकडे केला. तो जमिनीचा नव्हता, पाण्याचा नव्हता, नोकरीचाही नव्हता. अर्ज एवढाच होता : 'आम्ही कुणाचे काही बिघडवलेले नाही. आम्हाला गुन्हेगार ठरवणारे कलम काढून टाका.' हे नागरिक म्हणजे समलिंगी स्त्रीपुरुष. अर्ज निकालात निघायला सुमारे २७ वर्षे लागली. त्या २७ वर्षांत सरकार आणि हे लोक यांच्यामध्ये काय काय घडले, त्याची ही हकीकत आहे.

आता कोणी म्हणेल, 'अहो, हा विषय खेड्यापाड्यातल्या श्रोत्यांपुढे कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ओघाओघात येईल, आणि ते आमच्या पदरचे नसून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे असेल.

आधी शब्द नीट समजून घेऊ. बहुतेक पुरुषांना स्त्रीविषयी आणि स्त्रियांना पुरुषाविषयी ओढ वाटते. पण काही पुरुषांना पुरुषाविषयीच आणि काही स्त्रियांना स्त्रीविषयीच तशी ओढ वाटते. त्यांना समलिंगी म्हणतात. हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली रोगांच्या यादीतून तो काढून टाकला. संगतीने तो लागत नाही, आणि लग्न लावून दिले की जातो हा समजही खरा नाही. उलट अशा लग्नात दोन जिवांचे हाल होतात, आणि त्यातला एक जीव कुणाची तरी निष्पाप लेक असते. आणखी एक घोटाळा पुष्कळांच्या मनात असतो. तृतीयपंथी निराळे आणि समलिंगी निराळे. तृतीयपंथी माणसाचा प्रश्न 'मी स्त्री की पुरुष की आणखी कोणी' असा असतो. समलिंगी माणसाला ती शंका नसते. तो पुरुषच असतो किंवा ती स्त्रीच असते. फरक असतो तो फक्त जीव कुणावर जडतो ह्यात.

बरे, ज्या कलमाबद्दल अर्ज होता ते कलम कोणते? भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे. ही दंडसंहिता इंग्रजांनी १८६० साली केली आणि १८६२ पासून ती अमलात आली. तिच्यात ह्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला होता. शिक्षा जन्मठेपेची, किंवा दहा वर्षांपर्यंत कैदेची. दोघेही सज्ञान आहेत, दोघांचीही राजीखुशी आहे, घराचे दार बंद आहे, तरी गुन्हा तो गुन्हाच. संमती असली तरी बचाव नव्हता.

आता ह्या कलमाखाली खटले फार झाले का? नाही. सर्वोच्च न्यायालयानेच पुढे नोंदवले की दीडशे वर्षांत वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांत दोनशेपेक्षा कमी आरोपी दिसतात. मग तक्रार कसली? तक्रार अशी, की ह्या कलमाचे काम कोर्टात होतच नसे, ते रस्त्यावर होत असे. बागेत दोन पुरुष बसलेले दिसले की कुणीतरी दम भरावा, 'घरी सांगू का? आत टाकू का?' आणि त्या भीतीने खिसा रिकामा व्हावा. लुबाडलेला माणूस फिर्याद द्यायला चौकीवर जाणार कसा? फिर्याद द्यायची म्हणजे आपलाच गुन्हा कबूल करायचा. विळा भिंतीला टांगलेला असला तरी रोज नजरेसमोर असतो, तसे हे कलम होते.

आपल्या महाराष्ट्रात ह्या विषयावर बोलण्याची वाट पूर्वीच थोडी मोकळी झाली होती. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ साली निघाले. वाचकांनी लैंगिक जीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी मासिकात सरळ उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला कर्वे हरले. पण ज्या विषयावर समाज बोलायला तयार नाही, त्यावरही माणसाला प्रश्न विचारता आला पाहिजे, ही गोष्ट त्या दोघांनी दाखवून दिली. बाबासाहेबांचे नाव ह्या हकीकतीत पुढे पुन्हा येणार आहे.

पहिला अर्ज कुणी केला? १९९० साली मुंबईत अशोक राव कवी यांनी 'बॉम्बे दोस्त' नावाचे नियतकालिक काढले, आणि १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली. मुंबई महापालिकेने सांताक्रूझच्या वाकोला भागात आपल्या इमारतीत तिला जागा दिली. इकडे दिल्लीत 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' ह्या छोट्या गटाने १९९१ च्या अखेरीस एक अहवाल छापला. समलिंगी माणसे देशात कशी राहतात, पोलीस, डॉक्टर आणि घरचे लोक त्यांच्याशी कसे वागतात, हे त्यात लिहिले होते, आणि कलम ३७७ रद्द करा, अशी मागणी होती. पुढच्या वर्षी दिल्लीच्या एका बागेतून काही पुरुषांना पोलिसांनी धरून नेले, तेव्हा ११ ऑगस्ट १९९२ रोजी ह्याच गटाने पोलीस मुख्यालयापुढे निदर्शने केली. समलिंगी माणसांच्या बाजूने उघड रस्त्यावर उभे राहण्याचा हा आपल्या देशातला पहिला ज्ञात प्रसंग मानतात.

१९९४ साली प्रकरण कोर्टात गेले. दिल्लीच्या तिहार तुरुंगात कैद्यांना एड्सपासून बचावासाठी निरोध द्यावेत, अशी सूचना झाली होती. तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी ती नाकारली. कारण निरोध द्यायचे म्हणजे तुरुंगात कलम ३७७ चा गुन्हा घडतो हे मान्य करायचे. तेव्हा ह्या गटाने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला, की कलमच घटनेविरुद्ध आहे. गट लहान, पैसा नाही. पाठपुरावा थांबला आणि २००१ साली तो अर्ज निकाली निघाला. पहिला अर्ज असा कागदांत विरला.

मध्यंतरी एक गोष्ट घडली होती, ती फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. सरकारनेच नेमलेल्या विधी आयोगाने मार्च २००० मध्ये आपल्या १७२ व्या अहवालात कलम ३७७ काढून टाकावे अशी शिफारस केली होती. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. ती फडताळात राहिली.

मग २००१ सालचा जुलै महिना आला. लखनौमध्ये एड्स प्रतिबंधाचे काम करणाऱ्या दोन संस्थांच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी अटक केली. ते पत्रके आणि निरोध वाटत होते, रोगाची माहिती सांगत होते. म्हणजे सरकारच्या आरोग्य खात्याला जे काम हवे होते तेच करत होते. त्यांच्यावर कलम ३७७ चा कट रचल्याचा आरोप ठेवला गेला, आणि त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. ह्यावरून सगळ्यांना कळून चुकले, की कलम आहे तोवर रोग रोखण्याचे कामही निर्धोक नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या 'नाझ फाउंडेशन' ह्या संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. संस्थेच्या प्रमुख अंजली गोपालन. काम चालवले 'लॉयर्स कलेक्टिव्ह'च्या वकिलांनी. मागणी मोजूनमापून केली होती. सगळे कलम काढा असे त्यांनी म्हटले नाही. लहान मुलांवरचे अत्याचार आणि जबरदस्ती हा गुन्हा राहू द्या. फक्त सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खाजगीत ठेवलेला संबंध त्यातून वगळा, एवढेच म्हणणे होते.

कोर्टाने सरकारला विचारले, 'तुमचे म्हणणे काय?' अशा वेळी सरकार आपले उत्तर शपथेवर लिहून देते. त्याला प्रतिज्ञापत्र म्हणतात. २००३ सालच्या सप्टेंबरात गृहखात्याने उत्तर दिले : भारतीय समाजाला हे मान्य नाही, कायदा समाजापासून फटकून चालू शकत नाही, कलम राहू द्या. ह्या प्रश्नावर केंद्र सरकारने कोर्टात दिलेला हा पहिला स्पष्ट जबाब, आणि तो होता 'नाही'. २००४ साली उच्च न्यायालयाने याचिकाही फेटाळली. म्हणाले, तुमच्यावर कुठे खटला झाला आहे? हा नुसता तात्त्विक प्रश्न आहे. पण २००६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले आणि सांगितले, प्रश्न खरा आहे, त्यात शिरून निकाल द्या.

आता ह्या हकीकतीतला फार बोलका प्रसंग येतो. गृहखाते 'नाही' म्हणून बसले होते. २००६ च्या जुलैत त्याच सरकारच्या आरोग्य खात्याखालच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे 'नॅको'ने, आपले निराळे प्रतिज्ञापत्र दिले. त्यात म्हटले होते, की पुरुषांशी संबंध असलेले पुरुष देशात सुमारे २५ लाख असावेत. सर्वसाधारण लोकांत एचआयव्हीचे प्रमाण १ टक्क्याहून कमी, तर ह्यांच्यात ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. आणि कलम ३७७ च्या धाकाने ही माणसे लपून राहतात, दवाखान्यापर्यंत येत नाहीत, म्हणून रोग आवरणे कठीण होते. सरकार एक, मुद्दा एक, कोर्ट एक. आणि एक खाते म्हणते कलम हवे, दुसरे म्हणते कलमानेच घात केला! न्यायमूर्तींनीही ही विसंगती बोलून दाखवली.

गावात असे होते ना, ग्रामसेवक म्हणतो विहिरीत औषध टाका, आणि कोतवाल म्हणतो विहिरीजवळ फिरकलात तर धरीन. तसेच झाले.

पण ह्यातून शिक्षकांनी मुलांना सांगण्यासारखी गोष्ट निघते. आपण 'सरकार, सरकार' म्हणतो, ते काही एकसंध दगड नसते. त्यात खाती असतात, खात्यांना आपापली कामे असतात, आणि ज्या खात्याला रोज माणसांशी गाठ घालावी लागते, त्याला सत्य लवकर दिसते. नॅकोला ते दिसले, कारण वस्त्यांवर काम करणाऱ्या संस्था तिला रोज काय दिसते ते सांगत होत्या. कार्यकर्त्यांनी सरकारशी नुसते भांडण केले नाही. त्यांनी सरकारच्या एका हाताबरोबर काम केले आणि दुसऱ्या हाताविरुद्ध दावा लढवला.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे. आणि त्यांच्यासोबत न्यायमूर्ती एस. मुरलीधर. सज्ञान माणसांचा राजीखुशीचा, खाजगीतला संबंध हा गुन्हा नाही, असे त्यांनी ठरवले. निकालात पंडित नेहरूंच्या डिसेंबर १९४६ च्या घटना समितीतल्या ठरावाचा हवाला आहे, आणि बाबासाहेबांच्या भाषणाचाही. लोकांना काय आवडते ही एक नीती आणि घटनेने घालून दिलेली ही दुसरी. राज्य चालवायचे ते दुसरीने, ही बाबासाहेबांची शिकवण न्यायमूर्तींनी आधाराला घेतली. कर्व्यांचे वकीलपत्र घेणाऱ्या माणसाचा विचार ७५ वर्षांनी असा उपयोगी पडला.

सरकारने काय केले? सप्टेंबर २००९ मध्ये मंत्रिमंडळाने ठरवले, की आपण अपील करायचे नाही. 'नाही'चे आता मौन झाले. अपील केले ते इतरांनी, सुरेशकुमार कौशल नावाच्या ज्योतिषांनी आणि काही धार्मिक संघटनांनी. समलिंगी मुलांचे आईबापही ह्या वेळी सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. आमच्या लेकरांना गुन्हेगार म्हटले की आमच्या घराचीच फरफट होते, असे त्यांचे म्हणणे होते. ही गोष्ट लहान वाटते, पण तोवर दिसत होते ते एकटे कार्यकर्ते. आता त्यांच्या मागे घर उभे राहिले.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सुनावणीत पुन्हा घोटाळा झाला. सरकारच्या एका वकिलाने उठून सांगितले, समलिंगी संबंध अनैतिक आहेत. त्याच दिवशी गृहखात्याने कळवले, आमची अशी भूमिका नाही. थोड्या दिवसांनी दुसऱ्या वकिलाने येऊन सांगितले, उच्च न्यायालयाच्या निकालात सरकारला चूक दिसत नाही. न्यायमूर्ती संतापले. व्यवस्थेची थट्टा करू नका, असे त्यांनी सुनावले. शेवटी महान्यायवादी गुलाम वहानवटी उभे राहिले आणि त्यांनी मांडले, की हे कलम भारतीय परंपरेतून आलेले नाही, ते परक्या राज्यकर्त्यांनी लादले. २००३ साली ज्या सरकारने 'समाजाला मान्य नाही' म्हटले होते, त्याच सरकारच्या मोठ्या वकिलाचे हे शब्द.

इतके होऊनही ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला. म्हणाले, समलिंगी लोक लोकसंख्येचा अगदी अल्पसा अंश आहेत, आणि कायदा बदलायचा तर ते संसदेचे काम. जे लोक चार वर्षे उजेडात आले होते, ज्यांनी घरी सांगितले होते, कचेरीत सांगितले होते, ते एका दिवसात पुन्हा गुन्हेगार ठरले. शेतकऱ्याला सातबारा मिळावा, त्याने त्यावर घर बांधावे, आणि मग कुणी सांगावे, 'तो उतारा चुकीचा होता', असाच प्रकार. ह्या वेळी मात्र केंद्र सरकार स्वतः अर्जदारांच्या बाजूने गेले. २० डिसेंबरला त्याने फेरविचाराचा अर्ज केला. तो २८ जानेवारी २०१४ रोजी फेटाळला गेला.

संसदेचे काम म्हणता, तर संसदेत काय झाले? शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये खाजगी विधेयक मांडायची परवानगी मागितली. विधेयक मंजूर करा असेही नव्हे, नुसते मांडू द्या. लोकसभेने ती ७१ विरुद्ध २४ मतांनी नाकारली. मार्च २०१६ मध्ये पुन्हा मागितली, तेव्हा ५८ विरुद्ध १४. कोर्ट म्हणते संसदेकडे जा, संसद दारातूनच परत पाठवते. अलीकडचे टेबल आणि पलीकडचे टेबल!

ह्याच काळात तृतीयपंथी नागरिकांचा प्रश्न निराळ्या वाटेने पुढे गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतंत्र ओळख मान्य केली. पुढे केंद्राने २०१९ साली त्यांच्यासाठी कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. आपली ओळख जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राने ठरावी, ही त्यातली तरतूद पुष्कळांना टोचली. पण तो एका स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

अर्जदार थांबले नाहीत. न्यायाची शेवटची खिडकी म्हणून जी विशेष याचिका असते, ती त्यांनी केली, आणि २ फेब्रुवारी २०१६ रोजी ती पाच न्यायमूर्तींकडे गेली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खाजगी जीवन हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला आणि त्यात २०१३ च्या निकालावर कडक टीका केली. मग जुलै २०१८ मध्ये नवतेज सिंग जोहर ह्या भरतनाट्यम् नर्तकाच्या आणि इतरांच्या याचिकांवर सुनावणी सुरू झाली. ह्या वेळी तक्रारदार स्वतःच्या नावानिशी उभे होते. आम्ही समलिंगी आहोत, आमचीच ही कैफियत, असे म्हणून उभे होते. १९९१ ते २०१८ ह्या काळात एवढे धैर्य साचले होते.

सरकारने ११ जुलै २०१८ रोजी लिहून दिले : सज्ञान माणसांच्या संमतीपुरता प्रश्न आम्ही न्यायालयाच्या विवेकावर सोडतो. विरोध नाही, पाठिंबाही नाही. 'तुम्हीच काय ते ठरवा.'

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाचही न्यायमूर्तींनी एकमताने ठरवले, सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले, की ह्या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने क्षमा मागितली पाहिजे.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी आपल्या निकालपत्रात केंद्र सरकारला बजावले, की ह्या निकालाला दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील आणि इतर सार्वजनिक माध्यमांतून ठराविक काळाने पुनःपुन्हा प्रसिद्धी द्यावी, ह्या लोकांना चिकटलेला कलंक पुसण्यासाठी कार्यक्रम करावेत, आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, त्याची जाणीव करून द्यावी. रेडिओचा उल्लेख त्यात नाव घेऊन आहे. तेव्हा हा विषय रेडिओवर कशाला, असे विचारणाऱ्याला आम्ही एवढेच सांगू, की तो आणखी पुष्कळदा यायला हवा होता.

अर्ज निकाली निघाला. पण अर्धाच. गुन्हेगार नाही, हे ठरले. मग आहोत कोण? दोघे वीस वर्षे एका घरात राहिले, एक आजारी पडला, तर दवाखान्यात सही कुणी करायची? एक वारला, तर देह कुणाच्या ताब्यात द्यायचा? म्हणून काही जोडप्यांनी विवाहाची मान्यता मागितली. १८ एप्रिल २०२३ पासून दहा दिवस सुनावणी चालली. ह्या वेळी सरकारने विरोध केला, आणि ही मागणी शहरातल्या उच्चभ्रूंची आहे, असेही म्हटले.

त्यावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी जे लिहिले ते खेड्यातल्या श्रोत्यांनी ऐकण्यासारखे आहे. चंद्रचूड घराणे मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. त्यांनी लिहिले त्याचा आशय असा, की शहरात राहणारा, इंग्रजी बोलणारा, कचेरीत काम करणारा पुरुषच काही समलिंगी असतो असे नाही. गावात शेतावर राबणारी बाईही तितकीच असू शकते. तिला तो शब्द ठाऊक नसेल, एवढेच.

निकाल १७ ऑक्टोबर २०२३ रोजी लागला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, ह्यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. विवाहाखेरीज निराळ्या नात्याला सरकारने मान्यता द्यावी का, ह्यावर तीन विरुद्ध दोन असे मत पडले आणि मागणी फेटाळली गेली. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले. परंतु सुनावणीच्या वेळी सरकारने एक कबुली दिली होती, की ह्या जोडप्यांच्या रोजच्या अडचणी पाहण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांची समिती नेमू. ती १६ एप्रिल २०२४ रोजी नेमली गेली. त्याच वर्षी काही सूचना निघाल्या. अशा जोडप्याला शिधापत्रिकेसाठी एकच कुटुंब धरावे, असे अन्न खात्याने राज्यांना कळवले. बँकेत दोघांचे संयुक्त खाते उघडायला आणि खात्यासाठी एकमेकांना नामनिर्देशित करायला आडकाठी नाही, असे अर्थखात्याने स्पष्ट केले. जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मागता यावा, असे आरोग्य खात्याने राज्यांना लिहिले.

शिधापत्रिका, बँकेचे पासबुक आणि अंत्यविधी. मोठ्या तत्त्वांची भांडणे शेवटी ह्या तीन कागदांपाशी येऊन ठेपतात. तुमचीआमची तरी कुठे निराळी असतात?

एक त्रुटी मात्र सांगितली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ३७७ मुळीच घेतलेले नाही. वरवर पाहता हा अर्जदारांचा पूर्ण विजय. पण नाझच्या याचिकेत सगळे कलम काढा असे म्हटले नव्हते, हे आपण पाहिले. २०१८ च्या निकालानेही जबरदस्तीचा भाग कायम ठेवला होता. नव्या संहितेत तो भागही गेला. लहान मुलांना २०१२ च्या निराळ्या कायद्याचे संरक्षण आहे. परंतु सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली, तर पूर्वी जे कलम लागे, ते नव्या संहितेत आले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्येच केंद्राला ह्यावर निर्णय घ्यायला सांगितले. तण उपटताना पीकही हाताशी यावे, तसे झाले.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. २०२१ साली तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे, ह्यावर शिक्षकांसाठी केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने एक पुस्तिका तयार केली होती. आक्षेप आले आणि ती मागे घेतली गेली. तेव्हा दिल्लीकडून पुस्तिका येईल आणि मग आपण शिकवू, अशी वाट पाहू नये. आपल्या वर्गात एखादा मुलगा असतो, चालण्याबोलण्यात मऊ. मुले त्याला 'बायल्या' म्हणून हाका मारतात. मास्तर ऐकून न ऐकल्यासारखे करतात, कधी हसतातही. तो मुलगा पुढे कोण निघेल हे कुणाला ठाऊक नाही. समलिंगी निघेल, न निघेल. पण त्या वयात तो एकच गोष्ट शिकतो, की आपल्या बाजूने बोलणारे इथे कोणी नाही. मग तो शाळा सोडतो. गाव सोडतो. कधी कधी त्याहून वाईट होते.

ती हाक बंद करायला न्यायालयाचा निकाल लागत नाही, सरकारी आदेश लागत नाही. 'असं बोलायचं नाही रे,' एवढे मास्तरांनी एकदा वर्गात ठणकावून म्हटले तरी पुरते. दिल्लीच्या अर्जाला २७ वर्षे लागली. हा अर्ज मात्र तुमच्याच टेबलावर आहे.